हायक्यू संपली, आता काय बघू?

बूस्टर_सांगलीकर

परवा रात्री दीड वाजता हायक्यू संपवली, ती शाळकरी व्हॉलीबॉलवरची जपानी ॲनिमे मालिका. चारही सीझन, ८५ भाग, वर २०२४चा तो पिक्चर. शेवटच्या रॅलीत आपण थेट केन्माच्या, म्हणजे समोरच्या संघातल्या सेटरच्या डोळ्यांतून सामना बघायला लागतो, बाजूला नुसते श्वास आणि बुटांची करकर. आणि इतक्या ताणानंतर घामाने ओला झालेला चेंडू हातातून सटकतो आणि संपलं! मी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या. आतून आईचा आवाज, "झोप गं बाई आता."

मी शाळेत पाच वर्षं व्हॉलीबॉल खेळले. तालुक्याच्या पुढे आमचा संघ एकदाही गेला नाही. म्हणून असेल, मला नायक हिनाताच्या उड्यांपेक्षा पहिल्या सीझनमधला एक छोटा तुकडा जास्त लागला. पहिल्याच फेरीत हरलेली तोकोनामी शाळेची पोरं. त्यांच्यावर ना कुणाचा कॅमेरा, ना कुणाचं लक्ष. त्यातला एक मनाशी म्हणतो, आम्हीही व्हॉलीबॉल खेळलो की. त्यानंतर एकामागून एक हरलेले संघ दाखवतात, काही सेकंदच. तो भाग मी तीनदा पाहिला.

तर प्रश्न असा, की याच्यानंतर काय? चेंडूतून आग निघते, डोळ्यांतून वीज निघते असलं नको. हरणाऱ्याकडेही बघणारी पाहिजे. आई जेवताना सोबत बघते, तेव्हा तेवढं भान ठेवून सुचवा.

टवाळ_टोळ

आता पुढे काय? पुढे नोकरी. ८५ भाग म्हणे.

खारे_शेंगदाणे

अहो बूस्टरताई, पिक्चरचा शेवट पहिल्याच परिच्छेदात फोडलात. मी रविवारी बघणार होतो. वर "रसभंग होईल" एवढं लिहायला किती शाई लागते?

बूस्टर_सांगलीकर

अरे देवा. माफ करा शेंगदाणे! पण कोण जिंकतं ते सांगितलेलं नाही बरं का.

लांबपल्ला

बूस्टर, तुमच्या अटी वाचून एकच नाव डोळ्यांसमोर आलं. 'रन विथ द विंड'. २३ भाग, २०१८-१९. हायक्यूवालाच स्टुडिओ, प्रॉडक्शन आय.जी. मूळ शिऑन मिउरा या लेखिकेची कादंबरी.

गोष्ट अशी. एका मोडकळीला आलेल्या वसतिगृहात दहा पोरं राहतात. त्यांच्यासाठी स्वयंपाक करणारा हाइजी एके दिवशी सांगतो, की आपण दहा जण मिळून हाकोने एकिदेन धावणार आहोत. बाकीचे नऊ त्याच्याकडे वेड्यासारखे बघतात. कारण त्यातला एक दिवसभर मांगा (जपानी चित्रकथा) वाचत लोळणारा, एक सिगारेट फुंकणारा, एक वकिलीची परीक्षा पास झालेला. खरा धावपटू म्हणावा असा एकच, काकेरू.

हाकोने एकिदेन खरी शर्यत आहे बरं का. १९२०पासून चालू आहे. दर वर्षी २ आणि ३ जानेवारीला विद्यापीठांचे संघ तोक्योतल्या ओतेमाचीहून हाकोनेच्या आशी सरोवरापर्यंत जातात, दुसऱ्या दिवशी परत. दहा धावपटू, दहा टप्पे, एकूण २१७ किलोमीटरच्या आसपास. हातात काठी नसते. छातीवर तिरका पट्टा असतो, तासुकी म्हणतात. तो अंगावरून काढून पुढच्याला द्यायचा.

आता तुमच्या मुद्द्यावर येतो. पहिल्या संघापेक्षा ठरावीक मिनिटांहून जास्त मागे पडलात तर तुमच्या पुढच्या गड्याला वाट बघू देत नाहीत. इतरांबरोबर सोडून देतात. म्हणजे मागचा पोरगा जीव तोडून पोचतो, आणि तिथे पट्टा घ्यायला कुणीच नसतं. घामाने भिजलेला पट्टा हातात घेऊन तो तसाच उभा. हे मालिकेत ज्या पद्धतीने येतं ते बघाच. मी स्वतः अर्धमॅरेथॉनवाला माणूस आहे, बाराव्या किलोमीटरला मला अजूनही तो सीन आठवतो.

पाचवा टप्पा बहुतेक सगळा चढ. तिथे कोण धावतो आणि कुठल्या अवस्थेत धावतो, हे सांगत नाही. शेंगदाण्यांचा धाक आहे.

खारे_शेंगदाणे

आभारी आहे.

निळं_कुलूप

सगळे रडकेच सुचवणार का? ब्लू लॉक बघा हो. जपानला वर्ल्ड कप जिंकून देणारा एक स्ट्रायकर हवा, म्हणून तीनशे पोरं एका इमारतीत कोंडतात आणि गाळत गाळत एकावर आणतात. संघभावना, मैत्री, सगळं खुंटीला. इगो नावाचा कोच सरळ सांगतो, की स्वार्थी व्हा. हायक्यूनंतर तोंडाची चव बदलायला याहून बरं काही नाही.

लांबपल्ला

कुलूपभाऊ, बाईंनी डोळ्यांतून वीज नको असं स्पष्ट लिहिलंय. ब्लू लॉकमध्ये डोळ्यांतून वीज सोडून दुसरं काय निघतं?

निळं_कुलूप

पहिला सीझन बघा आणि मग बोला. दुसऱ्याबद्दल मी स्वतःच गप्प बसतो. तिकडे अर्ध्या सामन्यात चित्रं हलतच नाहीत. खेळाडू उभा, चेंडू उभा, फक्त संवाद पळतात.

टवाळ_टोळ

आमच्या सोसायटीच्या क्रिकेटसारखं. तिथेही फक्त संवादच पळतात.

पडवीतली_माई

कुलूप, तुला फुटबॉलच सुचवायचा होता तर 'आओआशी' का नाही सुचवलंस? २०२२ची, २४ भाग. एहिमेसारख्या आडगावचा पोरगा, घरची परिस्थिती बेताची, तोक्योतल्या क्लबच्या युवा संघात निवडला जातो. गोल मारणं हीच त्याची सगळी ओळख. आणि कोच एके दिवशी शांतपणे सांगतो, तू फॉरवर्ड नाहीस, मागे बचावाला फुलबॅक खेळ. त्या वेळचा त्याचा चेहरा बघून मला माझा धाकटा आठवला. त्याला दहावीनंतर सायन्स मिळालं नव्हतं, तेव्हा अगदी तसाच बसला होता.

बूस्टर, तुझ्या आईला ही आवडेल. यात आई आणि मोठा भाऊ आहेत. गाडी सुटल्यावर आईचं पत्र वाचतो तो प्रसंग आहे. पदर जवळ ठेवायला सांग.

अण्णा_निवृत्त

मी या प्रांतातला नाही. ॲनिमे म्हणजे कार्टूनच ना? शीर्षक वाचून आत आलो, कारण धागाकर्तीचं नाव 'बूस्टर'. हल्लीच्या पोरांना हा शब्द माहीत नसेल. आमच्या वेळी व्हॉलीबॉलमध्ये चेंडू उचलून देणाऱ्याला बूस्टर म्हणत. सेटर नंतर आलं. मी बँकेच्या संघात अकरा वर्षं बूस्टर होतो. गुडघे तिथेच ठेवून आलो.

तुम्ही जपान म्हणालात म्हणून सांगतो. महिलांचं व्हॉलीबॉल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं ते १९६४ला तोक्योतच, आणि सुवर्णपदक जपानच्या मुलींनी घेतलं, रशियनांना हरवून. त्या संघातल्या बहुतेक मुली ओसाकाकडच्या कापडगिरणीत काम करणाऱ्या. दाइमात्सु नावाचा त्यांचा प्रशिक्षक महाकडक. चेंडूसाठी झेप घ्यायची, पडायचं आणि पडल्या पडल्या गडगडा लोळून पुन्हा पायांवर उभं राहायचं, हे त्यांनी जगाला दाखवलं. आम्हाला सरावाला सिमेंटचं मैदान होतं. त्यावर ते लोळणं शिकताना माझं खांद्याचं कातडं दोनदा सोललं. सौ. खोबरेल तेल लावायची आणि जपानला शिव्या द्यायची.

बूस्टर_सांगलीकर

अण्णा, दंडवत! नाव बरोबर ओळखलंत. माझे वडील गावात खेळायचे, ते अजून बूस्टरच म्हणतात. मीही सेटरच होते. आणि त्या १९६४च्या विजयानंतर जपानात मुलींच्या व्हॉलीबॉलची लाटच आली. १९६९ला 'अटॅक नंबर वन' नावाची मालिका सुरू झाली, १०४ भाग. हायक्यूची पणजी म्हणा. तुम्ही हायक्यूचे तीन भाग बघाच, माझ्यासाठी.

मुक्काम_ओसाका

आठ वर्षं इकडे आहे, म्हणून थोडं आतलं सांगतो. खेळांच्या ॲनिमेमध्ये हरणाऱ्याला एवढी जागा का असते, ते कोशिएनला गेल्याशिवाय कळत नाही.

कोशिएन म्हणजे निशिनोमियातलं बेसबॉलचं मैदान, १९२४चं. शाळांची उन्हाळी स्पर्धा त्याहून जुनी, १९१५पासूनची. जिल्ह्याजिल्ह्यातून एकेक शाळा निवडून येते आणि एक सामना हरला की घरी. म्हणजे विजेता सोडून देशातली प्रत्येक शाळा त्या उन्हाळ्यात कधीतरी हरतेच. तिसऱ्या वर्षाच्या पोरांसाठी तो शाळेतला शेवटचा सामना.

मी पहिल्यांदा गेलो तो ऑगस्टचा दिवस. ऊन असं, की बसायची बाक तव्यासारखी. सामना सुरू होताना भोंगा वाजतो आणि संपतानाही तोच. भोंगा वाजला, पोरांनी रांगेत उभं राहून वाकून नमस्कार केला, आणि मग हरलेला संघ डगआउटसमोर गुडघ्यांवर बसून हातांनी माती गोळा करायला लागला. बुटांच्या पिशवीत. काळी माती. एक पोरगा रडत होता आणि दुसऱ्या हाताने शेजारच्याच्या पिशवीचं तोंड उघडून धरत होता. माझ्या बाजूला बसलेल्या आजोबांनी टोपी काढली. जिंकलेले काय करत होते, ते मी पाहिलंच नाही.

तेव्हा बूस्टर, बेसबॉल कळत नसला तरी 'बिग विंडअप' बघा, २००७ची. त्यातला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, इतका भेदरट, की बोलताना अडखळतो, आणि आधीच्या शाळेतल्या संघाने त्याला वाळीत टाकलेलं. एकेक सामना कित्येक भाग चालतो, पण प्रत्येक चेंडूमागचा विचार उलगडून दाखवतात. क्रिकेटवाल्याला हे लवकर कळतं.

खारे_शेंगदाणे

वर मातीचं वाचून दोन मिनिटं काही लिहिता आलं नाही.

(म्हणून आता लिहितो. बास्केटबॉलचं स्लॅम डंक कुणीच कसं सुचवलं नाही अजून??)

मुक्काम_ओसाका

मी वाटच बघत होतो. स्लॅम डंकबाबत एक अडचण. जुनी मालिका १०१ भागांची, १९९३ ते ९६, आणि खरा मोठा सामना यायच्या आधीच ती थांबते. तो सानो शाळेविरुद्धचा सामना बघायला लोक पंचवीसेक वर्षं थांबले. मग २०२२च्या डिसेंबरात मूळ मांगा काढणाऱ्या इनोऊएने स्वतः दिग्दर्शन करून 'द फर्स्ट स्लॅम डंक' आणला. मालिकेचा नायक साकुरागीऐवजी गोष्ट सांगितली ती मियागीची, मैदानावरच्या पाचांतल्या सगळ्यात बुटक्याची, ओकिनावाच्या पोराची. शेवटच्या काही सेकंदांत आवाज पूर्ण बंद करतात. भरलेल्या थिएटरात माझ्या मागच्या माणसाच्या पॉपकॉर्नचा आवाजही थांबला होता.

आधी मालिका पाहिली नसली तरी पिक्चर एकटा उभा राहतो. सुरुवात त्यानेच करा.

निळं_कुलूप

आणि सानोची पोरं हरतात का जिंकतात ते सांगू का?

खारे_शेंगदाणे

कुलूप, तुझ्या घराचा पत्ता दे.

जुनी_रीळ

हरणाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर 'आशिता नो जो'. १९६८ला मांगा सुरू झाला, १९७०ला मालिका. मुष्टियुद्धाची गोष्ट. झोपडपट्टीतला अनाथ पोरगा जो आणि त्याचा प्रतिस्पर्धी रिकिइशी. जोबरोबर लढता यावं म्हणून रिकिइशी वजन उतरवतो. पाणीसुद्धा बंद, नळांना तारा बांधलेल्या. त्या लढतीत तो जातो. (अहो शेंगदाणे, ५५ वर्षं झाली. याला रसभंग म्हणत नाहीत, इतिहास म्हणतात.)

वाचकांना ते इतकं लागलं, की मार्च १९७०मध्ये प्रकाशकाच्या इमारतीत रिकिइशीची खरीखुरी अंत्ययात्रा झाली. भटजी, धूप, फोटो, सगळं. शुजी तेरायामा या कवी-नाटककाराने पुढाकार घेतला होता आणि सातशेच्या आसपास लोक आले होते. कागदावरच्या माणसासाठी! आपल्याकडे कादंबरीतलं पात्र गेलं म्हणून कुणी सुतक पाळल्याचं ऐकलं नाही.

टवाळ_टोळ

आमच्या शेजारच्या काकू मालिकेतली सासू गेली तेव्हा जेवल्या नव्हत्या. आनंदाने की दुःखाने ते विचारलं नाही.

पडवीतली_माई

अवांतर: मुष्टियुद्धाचंच बघायचं तर 'हाजिमे नो इप्पो' जास्त प्रेमळ आहे. इप्पोची आई मासेमारीची होडी चालवते आणि हा भल्या पहाटे तिला मदत करून शाळेत जातो. मुष्टियोद्धा ताकामुरा त्याला झाडाखाली उभं करतो आणि सांगतो, पडणारी दहा पानं हवेत पकड, मग बघू. माझ्या नातवाने पिंपळाखाली आठवडाभर तेच केलं. पानं पकडली तीन, सर्दी पकडली एक.

लोण_चढवा

परळचा आहे, वयाच्या नवव्या वर्षापासून कबड्डी खेळलो. धागा पूर्ण वाचला. एवढं व्हॉलीबॉल, बेसबॉल झालं आणि एकालाही आठवलं नाही, की जपान्यांनी कबड्डीवर ॲनिमे केलीय? 'बर्निंग कबड्डी', २०२१, १२ भाग.

मी बघायला बसलो तो चुका काढायलाच. नायक योइगोशी, फुटबॉलमध्ये नाव काढून मग खेळ सोडलेला, घरात बसून ऑनलाइन व्हिडिओ करणारा. त्याचं ते गुपित धरून त्याला कबड्डीच्या संघात ओढतात. पहिल्या भागात तो हसतो, की हा काय खेळ, तोंडाने बडबडत पळायचं. तिथे मला राग यायला हवा होता. पण आठवलं, माझ्या कॉलेजातही क्रिकेटवाले असंच हसायचे.

चुका आहेतच. तीस सेकंदांची चढाई आणि हे लोक त्यात आठ मिनिटं विचार करतात. एवढा दम आमच्या वस्तादांनासुद्धा नव्हता. पकड करताना मागे श्वापदं दिसतात. बूस्टरताई, तुमची वीज नको ही अट इथे थोडी मोडते, आधीच सांगतो.

पण एक गोष्ट त्यांनी अशी पकडली, की मी उठून बसलो. मध्यरेषा ओलांडून एकटा माणूस सात जणांच्या अंगणात जातो, त्या पहिल्या पावलाची भीती. समोरची साखळी हात धरून अर्धगोलात उघडते, कोपऱ्यातला गडी डोळ्यांच्या कडेलाही दिसेनासा होतो, आणि बोनस रेषेकडे पाय टाकावा तर घोट्यावर झडप येणार हे माहीत असतं. मी वर्षानुवर्षं ते केलं. ते कसं असतं हे मला कुणाला सांगता आलं नाही, आणि हे कुठल्याशा जपानी चित्रकाराने दाखवलं. तिथला कर्णधार ओजो, एरवी मऊ बोलणारा, हसरा, चढाईला उतरला की माणूस बदलतो. असा एक गडी आमच्या मंडळात होता. पोस्टात नोकरी करायचा, मुंगीवर पाय पडला तर सॉरी म्हणायचा.

मुक्काम_ओसाका

लोणभाऊ, भारी लिहिलंत. २०१०च्या ग्वांगचौ आशियाई स्पर्धेत जपानने पुरुषांच्या कबड्डीत कांस्य घेतलं होतं, तेव्हा खेळ तिथे अगदीच परका नाही. फक्त उच्चार 'काबादी, काबादी' असा येतो.

टवाळ_टोळ

काबादी काबादी करत चढाईला गेला तर पंच दम तुटला म्हणून बाद देतील.

जुनी_रीळ

'बर्निंग कबड्डी' काढणाऱ्या टीएमएस या स्टुडिओचं भारताशी आणखी एक नातं आहे. 'क्योजिन नो होशी' ही त्यांची साठच्या दशकातली बेसबॉलची मालिका. बाप पोराला लहानपणापासून राक्षसी सराव करायला लावतो, अंगाला स्प्रिंगांचा सापळा बांधून. त्याच गोष्टीवरून त्यांनी भारतासाठी क्रिकेटची मालिका काढली, 'सूरज: द रायझिंग स्टार'. २०१२च्या डिसेंबरात कलर्सवर सुरू झाली, मुंबईच्या वस्तीतला पोरगा. स्प्रिंगांच्या जागी सायकलच्या ट्यूबा आल्या. कुणाला आठवतेय?

लोण_चढवा

आठवतेय की! रविवारी सकाळी लागायची. पुतण्याने सायकलची ट्यूब कापून अंगाला बांधली होती. तीनशे रुपयांना पडलं ते प्रशिक्षण.

संथ_वाहते

मी वाचनमात्र असते, पण राहवत नाही. खेळ म्हणजे धावपळच असं कुणी सांगितलं? 'चिहायाफुरू' बघा. करुता नावाचा पत्त्यांचा खेळ. शंभर जुन्या कवितांचा तेराव्या शतकातला संग्रह, त्यातल्या पन्नास कवितांचे उत्तरार्ध समोर पसरलेले, पंचवीस तुमच्याकडे, पंचवीस समोरच्याकडे. वाचणारी कवितेची सुरुवात म्हणते आणि तुम्ही तिचा पत्ता उडवायचा. सात कविता अशा आहेत, की पहिलं अक्षर ऐकलं की ओळखता येतात. म्हणजे 'मु' नव्हे, 'मु' येण्याआधीच्या श्वासावर हात सुटतो.

आमच्याकडे दिवाळीत भेंड्या लागायच्या तेव्हा माझी आजी अशीच होती. समोरच्याचं शेवटचं अक्षर पुरतं बाहेर पडायच्या आत तिची ओवी सुरू. तिसरी यत्ता शिकलेली. पहिला भाग बघताना सारखी तीच दिसत होती.

निळं_कुलूप

मी एक कबूल करतो. काल लांबपल्लांच्या नादाने 'रन विथ द विंड'चे सहा भाग पाहिले. मांगा वाचणारा पोरगा ट्रेडमिलवर पुस्तक लावून धावतो. गप्प बसतो मी आता.

लांबपल्ला

ये रे ये. जोडे घेऊन ये.

अण्णा_निवृत्त

सूचनेप्रमाणे नातवासोबत हायक्यूचे तीन भाग पाहिले. खरं तर सात झाले. तो काळ्या केसांचा बूस्टर, कागेयामा. त्याचा राग आहे, की स्मॅशर आपल्या वेगाने येत नाहीत. मीही तसाच होतो. एका सामन्यात माझ्या स्मॅशरने माझ्याकडे बघणंच सोडलं, मुद्दाम दुसऱ्याकडे चेंडू द्या म्हणून हात केला. कागेयामाने उचललेल्या चेंडूवर जुन्या संघातलं कुणीच उडी मारत नाही असा एक प्रसंग आहे ना, चेंडू रिकामा खाली पडतो तो. नातू म्हणाला, "आजोबा, मागे घेऊन परत लावू का?" मी म्हटलं, नको.

त्या स्मॅशरचा फोन नंबर शोधतो आहे. तो कोल्हापुरात असतो असं कळलं.

बूस्टर_सांगलीकर

अण्णा, लागला की इथे लिहा. मी वाट बघतेय.

बाकी मंडळींनो, हिशेब देते. चार दिवस झाले. 'रन विथ द विंड'ने सुरुवात केली, आई दुसऱ्या भागापासून सोबत. तिला धावण्यात रस नाही, हाइजी काय रांधतो त्यात आहे. "एकटा पोरगा दहा जणांचं करतो आणि एकही ताट उचलत नाही मेला," असं रोज म्हणते. चिहायाफुरू रांगेत दुसरी, मग आओआशी. बर्निंग कबड्डी बाबा बघणार आहेत, वीज चालेल म्हणाले.

आज पाचव्या टप्प्याच्या चढापाशी थांबलो. पोराला ताप आहे आणि तो सुरू करतोय. आई म्हणाली, उद्या बघू, आत्ता नको. तेव्हा उद्या रात्रीपर्यंत यावर कुणी काही लिहू नका. कुलूप, तुला सांगतेय.

निळं_कुलूप

मी पण तिथेच थांबलोय हो.